खाणावळीतली ‘आवळ’

शिंप्याला देतो ती शिवणावळ. सोनाराला घडणावळ, गिरणीवाल्याला दळणावळ, परटाला धुणावळ, बागायतीच्या राखणदाराला राखणावळ. या हिशेबाने खाणावळ कोणाला द्यायची?

कोणालाच नाही. खाणावळीत आपण जातो, खाणावळ लावतो, कंटाळा आला की बदलतो, आणि पगार लांबला तर खाणावळवालीला तोंड चुकवतो. खाणावळ ही आज जागा आहे. शिवणावळ, घडणावळ हे पैसे आहेत. मग एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसणारे हे शब्द दोन वाटांनी कसे गेले? की खाणावळीचा साचा मुळातच वेगळा? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो मयेला, आणि तोही एका पाहुण्यामुळे. दिल्लीकडचा माणूस, तळे बघायला आलेला. रस्त्याच्या कडेला ‘हॉटेल’ अशी पाटी बघून आत गेला आणि खोलीचा दर विचारू लागला. आत दोन बाकडी, एक काचेचे कपाट, कपाटात बन्स आणि मिरच्यांची भजी. मालकाने शांतपणे सांगितले, रूम नाही, भाजी-पाव आहे.

मये डिचोली तालुक्यात. महामायेचे गाव. सात बहिणींच्या कथेत शिरगावची लईराई आणि मुळगावची केळबाय या महामायेच्या बहिणी. डोंगराच्या कुशीत तळे, शाळांच्या सहलींचे जुने ठिकाण. २०२२ पासून त्या तळ्यावर पायाला दोर बांधून उंचावरून उड्या मारायचीही सोय झाली आहे. डिचोलीहून तळ्याकडे जाताना पाट्या वाचत गेले तर खाण्याच्या जागेची कितीतरी नावे भेटतात: हॉटेल, कॅफे, बार अँड रेस्टॉरंट, फास्ट फूड, फॅमिली रेस्टॉरंट. ‘खाणावळ’ ही पाटी मला त्या वाटेवर दिसली नाही. पण डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात कोणा वडीलधाऱ्याला विचारा, पूर्वी दुपारी जेवायला कुठे जात होतात, आणि तो खाणावळ हाच शब्द काढील. पाटीवरून गेलेला आणि तोंडात राहिलेला असा हा शब्द आहे.

डिचोलीत या शब्दावर एक ठरलेला विनोद होऊ शकतो, आणि तो होतोच. तालुका खाणींचा. तेव्हा खाणीजवळ असते ती खाणावळ! खाणींची ओळ ती खाणावळ! विनोद म्हणून झकास. तो खरा नाही, कारण हा शब्द पुण्या-मुंबईला, बेळगाव-धारवाडला, जिथे डिचोलीसारख्या खाणी नाहीत तिथेही राजरोस नांदतो आहे. पण असल्या व्युत्पत्तींना हसून सोडून देऊ नये. शब्दाचा उगम लोक आपल्या आवारात शोधतात, आणि नाही सापडला तर तयार करतात.

जगभर हेच चालते. पॅरिसमध्ये ‘बिस्त्रो’ म्हणजे साधी, छोटी, घरगुती खाण्याची जागा. गोष्ट अशी सांगतात की १८१४ साली रशियन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, आणि त्यांचे कोसॅक शिपाई खानपानाच्या टेबलावर मुठी आपटून ‘बिस्त्रो, बिस्त्रो’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ म्हणून ओरडू लागले. तेच नाव जागेला पडले. मोंमार्त्रच्या चौकातल्या एका जुन्या रेस्टॉरंटवर त्या प्रसंगाची तारखेसह पाटीसुद्धा लावलेली आहे. अडचण एवढीच की फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द दिसू लागतो तो १८८०च्या दशकात. शिपाई ओरडले आणि शब्द सत्तर वर्षे गप्प बसला, हे भाषाशास्त्रज्ञांना पटत नाही. पाटी मात्र तिथेच आहे.

आपल्याकडच्या ढाब्याचे असेच. कोणी त्याला डब्यावरून आणतो. कोणी मराठीतल्या धाब्यावरून: मराठवाड्यात, खानदेशात मातीच्या सपाट छताचे घर ते धाब्याचे घर, म्हणून ढाबा म्हणजे तसल्या छपराखालची जागा. दुसरी गोष्ट ऐकायला पहिलीपेक्षा बरी. तिच्यात निदान छप्पर आहे, आणि खाण्याच्या स्वस्त जागांची नावे बघत गेले की छप्पर वारंवार आडवे येते.

तेच आधी बघू, मग खाणावळीकडे वळू.

टपरी म्हणजे पत्र्याचे, फळ्यांचे खोपटे. चहा त्यात नंतर आला. गोव्यातला गाडो म्हणजे नुसती चाकांवरची गाडी. पण ‘गाड्यार वचूया’ म्हटले की संध्याकाळ, पेट्रोमॅक्सच्या जागी आता आलेला पांढरा दिवा, ऑम्लेटवर ओतलेला शाकुतीचा रस आणि सोबत पाव, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत येते. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्रे-हरमलला ‘शॅक’ आहेत. इंग्रजीत शॅक म्हणजे खोपटेच; सरकार त्यांना परवाने देते, पावसाळ्याआधी ती मोडायची, नंतर पुन्हा बांधायची. कँटीन हा शब्द इटालियन ‘कांतिना’वरून आला, म्हणजे तळघर. आणि बार म्हणजे तो आडवा दांडा किंवा फळी, जिच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे बाटल्या.

गोव्याचा खास शब्द तावेर्न. पोर्तुगीज ‘ताव्हेर्ना’, त्याच्या मागे लॅटिन ‘ताबेर्ना’. लॅटिनमध्ये हा शब्द मुळात खोपट्याचा, मग दुकानाचा, मग दारूच्या दुकानाचा. लाकडी तुळईला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याच्याशीही काही अभ्यासक त्याचे नाते लावतात. म्हणजे रोमची ताबेर्ना आणि आपली टपरी कामाने एकच: चार फळ्या उभ्या केल्या, आत काहीतरी विकायला ठेवले. तावेर्नात खरे तर प्यायचे, फेणी किंवा हंगामात उर्राक. खायला उकडलेली अंडी, चणे, फार तर तळलेला एखादा तुकडा. पण जेवणाच्या जागा नसलेल्या गावात पोटाला आधार तिथेच मिळायचा.

इथे एक गोष्ट मला नेहमी कुतूहलाची वाटते. पोर्तुगिजांचे पाव, बटाटा, काजू, चावी, पगार हे शब्द सह्याद्री चढून साऱ्या मराठीत गेले. नागपूरचा माणूससुद्धा पगाराचीच वाट बघतो. तावेर्न मात्र गोव्याबाहेर गेले नाही. एक कारण असे की घाटावर त्या जागेला आधीच धनी होता: गुत्ता. आणि गुत्ता या शब्दात छप्पर नाही. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून गुत्तेदार म्हणतात. दारू विकायचा ठेका तो दारूचा गुत्ता, आणि मग ठेक्याचेच नाव दुकानाला.

म्हणजे नावांची दोन घराणी झाली. एक छपराचे: टपरी, गाडो, शॅक, तावेर्न. दुसरे व्यवहाराचे: गुत्ता. पदार्थाचे नाव धारण करणारी जागा विरळा. कॅफे हे एक, कॉफीवरून. पण पणजीच्या कॅफे टाटो किंवा कॅफे भोंसलेसारख्या जुन्या कॅफेंत माणसे पिढ्यान्‌पिढ्या जातात ती भाजी-पाव खायला आणि वर चहा प्यायला. चहालाही पोर्तुगीजमध्ये ‘शा’ म्हणतात, इकडच्या बोलीत ‘च्या’. कॅफेत जाऊन च्या मागणे यात गोव्यात कोणालाही काही चुकल्यासारखे वाटत नाही, आणि वाटूही नये. रेस्टॉरंट हे दुसरे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात ‘रेस्तोराँ’ म्हणजे जागा नव्हे, अशक्त माणसाला ताकद आणणारे मांसाचे पातळ सूप. १७६०च्या दशकात ते विकणारी दुकाने निघाली आणि सूपाचे नाव दुकानाला पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर पेजेच्या दुकानाला ‘पेज’ म्हणावे तसे. आज ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी पाटी वाचताना आजाऱ्याची पेज कोणाला आठवत नाही, हे मालकाचे नशीब.

खाणावळ आता यातल्या कोणत्या घराण्यातली?

पहिल्यांदा ण आणि न. गोव्यात लिहिताना सहसा खाणावळ, महाराष्ट्रात पुष्कळदा खानावळ, आणि बेळगाव-हुबळी-धारवाडच्या कानडीत ‘खानावळी’, तीही न घेऊन. दंत्य ‘न’ बघून अनेकजण फारसीकडे धावतात: दवाखाना, कारखाना, तोफखाना, तसा हा खाना. यात घोळ आहे. फारसी ‘खाना’ म्हणजे घर. औषधाचे घर, कामाचे घर, तोफांचे घर. तो शब्द बहुधा शेवटी येतो. खानेसुमारीत पुढे आला तरी तिथेही तो घरेच मोजतो. ‘खानावळ’ फारसीतून फोडली तर ‘घरांची ओळ’ असे काहीतरी निघेल, आणि पानात काही पडणार नाही. जेवण या अर्थाचा हिंदी ‘खाना’ फारसी नव्हेच; तो आणि आपले ‘खाणे’ हे दोन्ही संस्कृत ‘खाद्’ धातूची नातवंडे. तेव्हा खानावळीतला ‘न’ बाहेरून आला असलाच तर हिंदी खान्याच्या शेजाराने आला असावा. घरचा शब्द ‘ण’चा. गोव्याने तो तसाच ठेवला, यात मला थोडा प्रादेशिक आनंद होतो, तो लपवत नाही.

खरा प्रश्न ‘आवळ’चा. इथे दोन पक्ष उभे राहतात आणि दोघांकडेही पुरावा आहे.

पहिला पक्ष ओळीचा. संस्कृत ‘आवली’ म्हणजे रांग. दीपावळी दिव्यांची, वंशावळ पूर्वजांची, नामावळी नावांची, पत्रावळ पानांची. आणि मुख्य म्हणजे जेवणावळ: लग्नामुंजीत, देवळाच्या उत्सवात बसणारी पंगत. ‘जेवणावळी उठल्या’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे रांगा येतात, समोरासमोर मांडलेली पाने येतात. खाणावळीतही लोक जुन्या काळी पाटावर ओळीनेच बसत. मग जेवणावळ आणि खाणावळ सख्ख्या बहिणी मानायला हरकत कोणती?

दुसरा पक्ष पैशांचा. क्रियापदाला ‘णावळ’ लागली की त्या कामाचा मोबदला: शिवणावळ, धुणावळ, घडणावळ, लिहिणावळ, कातणावळ. हा प्रत्यय मराठीच्या बाजाराचा आहे, कष्टकऱ्यांचा आहे, आणि अजून मेलेला नाही. सोनाराच्या दुकानात आजही घडणावळीवरून घासाघीस होते. खाण्याचे पैसे ती खाणावळ. जिथे ते भरतो ती जागाही पुढे खाणावळ.

पैशांच्या पक्षावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. शिवणावळ, धुणावळ यात काम दुसरा करतो, पैसे मी देतो. खाण्याचे काम तर मीच करतो! रांधणारीला द्यायचे पैसे असतील तर शब्द ‘रांधणावळ’ हवा होता. मला हा आक्षेप काही दिवस अडवून बसला. मग लक्षात आले की ‘भाडे’, ‘फी’, ‘खर्च’ यांच्या बाबतीत भाषा इतकी काटेकोर नसते. खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते त्याच्या खाण्याचेच पैसे.

माझा कौल पैशांच्या बाजूने झुकतो तो दोन कारणांनी. एक, जेवण आणि खाणे या शब्दांमधला फरक. पाहुण्याला आपण ‘जेवून जा’ म्हणतो, ‘खाऊन जा’ म्हटले तर त्यात काहीतरी उणे राहते. जेवण आग्रहाचे, खाणे पोटाचे. जेवणावळीला बोलावणे असते, दक्षिणा उलट जेवणाऱ्याला मिळते. खाणावळीत बोलावणे नाही, पैसे आपण मोजायचे. भाषेने दोन प्रसंगांसाठी दोन धातू वेगळे ठेवले, हे उगाच नाही.

दुसरे कारण ‘लावणे’. मराठीत दूध लावतात, पेपर लावतात, शिकवणी लावतात, आणि खाणावळ लावतात. टपरी कोणी लावत नाही, गिऱ्हाईक तर नाहीच. हॉटेलही लावत नाहीत. जे महिन्याच्या करारावर घरी येते किंवा ठरलेल्या वेळी मिळते, तेच लावता येते. म्हणजे खाणावळ हा मुळात ओळीचा शब्द राहिला असेल-नसेल, आपण तो वापरतो तो कराराच्या अंगाने. पणजीत पहिली नोकरी लागली तेव्हा मीही खाणावळ लावली होती. भिंतीवर खिळा, खिळ्याला अडकवलेली लांबट वही, वहीत माझ्या नावाचे पान, पानावर दोन वेळच्या फुल्या. खाडा करायचा तर आदल्या दिवशी सांगायचा; न सांगता चुकलेले जेवण खाल्लेल्या जेवणाइतकेच महाग. पाहुणा आणला तर त्याची फुली वेगळ्या शाईने. शीत, हुमण (भात आणि माशाची कढी), एक सुकी भाजी, सोमवारी नुस्ते (मासे) नाही. त्या पानावर छप्पर नव्हते, ओळही नव्हती. हिशेब होता.

आणि तरी ओळीच्या पक्षाला असे सोडून देता येत नाही, कारण ओळीत कोण बसणार हा प्रश्न खाणावळीला शेवटपर्यंत चिकटून राहिला. ‘ब्राह्मणी खाणावळ’, ‘मराठा खाणावळ’, सीमेपलीकडे ‘लिंगायत खानावळी’. पाटीवरचे पहिले विशेषण पदार्थाचे नव्हते, पंगतीचे होते. काही ठिकाणी आज त्याचा अर्थ चवीपुरता उरला आहे: मराठा खाणावळ म्हणजे मटणाचा रस्सा, लिंगायत खानावळी म्हणजे ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी. पण तो अर्थ नंतरचा. बाहेरचे खाणेपिणे ही एकेकाळी बहिष्काराची बाब होती. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून रानडे आणि टिळकांसह बड्याबड्यांवर ग्रामण्य उभे राहिले. कोल्हापुरात उलट दिशेने काम झाले: अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, नाव ‘सत्यसुधारक’, आणि शाहू महाराज स्वतः तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही घ्यायला लावू लागले. तिथे खाणावळ नव्हती, हॉटेल होते, हे मला अर्थपूर्ण वाटते. पंगत मोडायला नवा शब्द सोयीचा पडला. टेबलाला वरचे टोक आणि खालचे टोक नसते, निदान पंगतीइतके नसते.

हॉटेल हा शब्द मग मयेपर्यंत आला तो असा, खोल्या वाटेत टाकून. त्याचे लॅटिन मूळ पाहुण्याचे. हॉस्पिटलही त्याच मुळाचे. फ्रेंचमध्ये तो आलिशान घराला लागला, इंग्रजीत मुक्कामाच्या जागेला, आणि मराठीत, कोकणीत, कानडीत, तमिळमध्ये खाण्याच्या जागेला. पणजीत १९५२ साली, सेंट झेवियरच्या चारशेव्या पुण्यतिथीच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने उभे राहिलेले मांडवी हे पोर्तुगीज अर्थाने ‘ओतेल’ होते, नदीकाठचे, खोल्यांचे. गावातले हॉटेल वेगळे. तिथे राहायचे नाही, पण बसायचे किती वेळ याला बंधन नाही. वर्तमानपत्र एक, वाचणारे सहा, चहा अर्धा. दिल्लीच्या पाहुण्याने खोली मागितली ती चूक त्याची नव्हती. पण मालकाचीही नव्हती.

खाणावळीचे सगळ्यांत मोठे राज्य गोव्यात नव्हते, मुंबईच्या गिरणगावात होते. कोकणातून, घाटावरून, आणि गोव्यातूनही एकटे आलेले पुरुष. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव परिसरात आपापल्या ‘कुडी’ काढल्या, गावाच्या नावाचे क्लब, जिथे गाववाल्याला पथारी टाकता येई. गिरणीतल्या मराठी कामगाराच्या पोटाची सोय चाळीतल्या बाईने केली. दहा बाय बाराच्या खोलीत चूल, चुलीवर पंधरा-वीस माणसांचे जेवण, पगार झाला की पैसे. पाटी नाही, टेबल नाही, परवाना नाही. ती खोली खाणावळ नव्हतीच; तो करार खाणावळ होता. या बायकांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले प्रेमा पुरव यांनी. पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या. सावकाराच्या व्याजातून सोडवून या खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्यांचे मोठे काम. बँकेपुढे पहिली पंचाईत काय झाली असेल याची कल्पना करता येते: दुकान नाही, माल नाही, तारण ठेवायला काही नाही, आहे ती फक्त वही आणि महिन्याच्या महिन्याला येणारी माणसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि ज्या उधारीवर खाणावळ उभी होती त्या उधारीपायीच तिला मरण आले.

डिचोलीत हे दृश्य पुन्हा दिसले, तीस वर्षांनी. शिरगाव, मये, डिचोली, साखळीचा पट्टा खनिजावर चाले. खनिजाच्या ट्रकांचे ड्रायव्हर पहाटे चहाला, दहाला भाजी-पावाला, दोनला शीत-कढीला रस्त्याकडेच्या हॉटेलांत थांबत. पैसे बहुतेक वहीत. ‘वहींत बरय’, म्हणजे वहीत लिही, हे वाक्य मालकाने ऐकले की तो पेन्सिल कानामागून काढी. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खाणकाम थांबले. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीतल्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा सगळे ठप्प झाले. २०२२ च्या शेवटी नव्याने लिलाव झाले. पहिल्या गटांत डिचोली-मुळगाव आणि शिरगाव-मये हे पट्टे होते. ट्रक हळूहळू परत येत आहेत. मधल्या वर्षांत बंद झालेली बाकडी सगळी परत येणार नाहीत. डिचोलीतल्या त्या विनोदात तेवढ्यापुरते तथ्य होते म्हणायचे: खाण थांबली की खाणावळ थांबली.

मयेला आणखी एक गाठ आहे, आणि ती छपराच्या घराण्याकडे नेते. गावातली पुष्कळ जमीन कोंदे द मये या पोर्तुगीज सरदारकीच्या नावावर होती. गोवा मुक्त झाल्यावर ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या, राहणाऱ्या लोकांच्या हाती स्वतःच्या घराचा कागद नाही अशी स्थिती दशकानुदशके राहिली. विधानसभेने कायदा केला तो २०१४ साली. त्यानंतर सनदा वाटायला सुरुवात झाली. पक्के बांधकाम, त्याचा नकाशा, त्याचा परवाना हे मयेत साधे शब्द नव्हते. चाकांवरचा गाडो, पत्र्याची टपरी, सोप्यावर मांडलेली दोन बाकडी यांना आपण रोमँटिक डोळ्यांनी बघतो, पण कच्च्या छपरामागे पुष्कळदा कच्चा कागद असतो. कोकणीत दुकानाला पसरो म्हणतात, पसरून ठेवलेले ते. उचलायला सोपे.

आता पाट्या बदलत आहेत. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून पेडण्याच्या बाजूला ‘मालवणी’ हे विशेषण जेवणाच्या पाट्यांवर अधिक दिसते. ते चांगलेच आहे, निदान हुमणाला शेजारी मिळाला. शहरात ‘घरगुती मेस’ हा शब्द रुळला आहे. मेस इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, ताटात वाढलेला वाटा या अर्थाने. पुण्यात तर मेसला रविवारी दुपारी ‘फीस्ट’ आणि रात्री सुट्टी हा नियमच होता. काम तेच, खाडेही तेच, वहीच्या जागी आता मोबाईल. ‘खाणावळ’ ही पाटी परत दिसू लागलीच तर ती भिंतीवर जुनी भांडी टांगलेल्या, चुलीचा धूर मुद्दाम दाखवणाऱ्या महागड्या जागेवर दिसते. तिथे महिना लावता येत नाही. म्हणून माझ्या लेखी ती खाणावळ नव्हे, मालकाने काहीही लिहो.

राहता राहिला तो पहिला प्रश्न, खाणावळ कोणाला द्यायची. ओळीचा पक्ष आणि पैशांचा पक्ष यांच्यातला निवाडा कोशात बसून होणार नाही, तो जमाखर्चात होईल. एखाद्या कारकुनाने, मास्तराने, बोटीवरच्या खलाशाने महिनाअखेर खर्चाच्या बाजूला ‘भाडे’, ‘धुणावळ’ आणि त्याखाली ‘खाणावळ’ असे लिहून पुढे आकडा मांडला असेल, तर तो शब्द पैशांचा होता हे त्याच्या हस्ताक्षरात सिद्ध होते. डिचोली, पेडणे, सावंतवाडी, बेळगाव या भागांतल्या जुन्या घरांत अशा वह्या पोटमाळ्यावर अजून आहेत. रद्दीवाला येण्याआधी एकदा उघडून पाहा.